भावाला काही न देण्याचे कारण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पायाबद्दल त्यांनी वेगळे लिहिले आहे. परवा सोमवारी माझा डावा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत. घोट्याच्या हाडातला जुना संसर्ग रक्तात उतरला आहे, मूत्रपिंडे थकली आहेत, आणि मी टेबलावरून परत येईनच असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरची गच्ची, तसेच बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिने हयातीत ते कोणाच्याही नावावर करू नये. ती भोळी आहे. हे तिला तोंडावर म्हणण्याची माझी कधी छाती झाली नाही.

२. ब्रश आणि अक्षरांचे साचे मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. जावईबापू माझ्या खोलीत आले की आधी खिडकी उघडतात. जखमेला वास येतो हे मलाही कळते, नाक मलाही आहे. त्यांनी भेट दिलेली सेंटची बाटली मी उघडलेली नाही, ती त्यांना परत करावी.

३. माझ्या धाकट्या भावाला यातले काहीही मिळणार नाही, एक ब्रशसुद्धा नाही. हे रागाने लिहिलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. मला त्याचीच सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असेही त्या म्हणाल्या. पण त्याने ओळन् ओळ वाचावी, आणि मी जिवंत असताना माझ्यासमोर बसून वाचावी, ही माझी अट आहे.

४. चौदा वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानाची पाटी रंगवताना मी शिडीवरून पडलो. शिडी भावाने धरली होती. कोणीतरी हाक मारली, त्याने मान वळवली, एवढेच. घोट्याचे हाड कातडी फाडून बाहेर आले, त्यात रस्त्यावरची माती गेली. स्क्रू बसवले. हाडात जंतू शिरले म्हणून सहा आठवडे शिरेतून औषध दिले आणि पुढे तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. डॉक्टरांनी बजावले होते, "वरची कातडी मिटली म्हणजे आतलं हाड बरं झालं असं समजू नका. गोळ्या संपवायच्या, आणि मी सांगेपर्यंत त्या पायावर उभं राहायचं नाही."

घरी आल्यावर महिन्याभरात जखम मिटली. गोळ्यांनी पोटात ढवळायचे, आणि बसून बसून मी वैतागलो होतो. उरलेल्या गोळ्या मी संडासात टाकल्या. पत्नी माहेरी होती त्या आठवड्यात उभ्याने तीन पाट्या रंगवल्या. दोन महिन्यांनी घोटा सुजला आणि फुटून वाहू लागला.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या पूर्ण घेतल्या ना?"

मी म्हणालो, "एकही चुकवली नाही."

"मग पडतानाच माती फार खोल गेली असणार."

भाऊ पलंगाशेजारी उभा होता, तो तिथेच रडायला लागला. त्याच्या खिशात बाहेरगावच्या छापखान्याचे नेमणूकपत्र होते. तो गेला नाही.

५. त्यानंतर चार वेळा मेलेले हाड खरवडून काढले. दर वेळी जखम मिटायची आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडायची. भाऊ एक दिवसाआड येऊन पट्टी बदलतो. मिठाच्या पाण्याने जखम धुतो, गॉज भरतो, बोटे गार तर नाहीत ना ते हाताने पाहतो. त्याने लग्न केले नाही. कोणी विचारले की म्हणतो, "दादाच्या पायाशीच संसार मांडलाय!" सगळे हसतात. मीही हसत आलो, याची मला फार शरम वाटते.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, पाय काढू, जिवाचा धोका टळेल. भावाने माझे दोन्ही हात धरले. "नको दादा. माझ्यापायी तुझा पाय गेला तर मी कुठं तोंड दाखवू?" तेव्हा खरे सांगितले असते तर पाय गेला असता आणि तो सुटला असता. मी डॉक्टरांना नको म्हणालो.

६. म्हणून लिहून देतो की शिडीवरून पडून माझा घोटा मोडला, पण तो बरा होत आला होता. हाड माझ्या हाताने सडले. यात भावाचा दोष नाही. मी त्याच्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तो लगेच देऊन टाकेल, मी त्याला ओळखतो.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ७ मार्च, शनिवार

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार पहिली, दवाखान्यातली नर्स : (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ : (सही) सगळे वाचले. वहिनी, उद्याची शेवटची पट्टी तुम्ही बदला. माझ्याच्याने होणार नाही. सोमवारी येईन.