बाबांसमोर हळू बोला

२ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर हे बोलता येत नाही, दोन खोल्यांच्या घरात बाबांना सगळं ऐकू जातं. म्हणून कागद काढला. खुब्याचं हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात चालायला हरकत नाही. पण बाबा उठत नाहीत, बोलत नाहीत, आणि जेवण दोन घासांवर आलंय. तू सांगितलंस ते सगळं पाळते आहे. काळजीचं काही त्यांच्या कानावर जाऊ देत नाही, किल्ल्या माझ्याकडे घेतल्यात, काही विचारलंच तर सगळं छान चाललंय म्हणते.

खरं सांगू? मी पार थकले आहे. रजांवरून ऑफिसात बोलणी खाल्ली, कंबर धरलीय ती सुटत नाही. परवा वृद्धाश्रमात चौकशी करून आले. एक खोली रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. बाबांना अर्थातच सांगितलेलं नाही. पाठवू की नको? तू नर्स आहेस, हो की नाही एवढंच कळव. उपदेश नको, तो तू लहानपणापासून फुकट वाटत आलीस.

माया आहे ती आहेच, वेगळी लिहीत नाही.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. उपदेश गिळून लिहिते आहे, कौतुक कर.

सध्या वॉर्डात एक शिंपी आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको आणि दोन मुली रोज भेटीच्या वेळेला येतात आणि कॉटभोवती उभ्या राहून कडाकडा भांडतात. दुकानाचं शटर अडकतंय ते कोणामुळे, थोरलीने कापड कसं वाया घालवलं, एक ना दोन. बायको तर मास्तरांनाच दटावते, की नुसते पडून काय राहिलात, सांगा काहीतरी. काल कहर झाला. गिऱ्हाइकाचा अर्धवट कोट त्यांनी पेशंटच्या पांघरुणावर पसरला, टाचण्यांसकट! मी टाचण्या काढून घेतल्या आणि तिघींना झापलं. पेशंटला शांतता लागते, एकेकीने यायचं, हळू बोलायचं, गोड बोलायचं. वॉर्ड कसा निवांत झालाय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पाठव. तिथे देखरेख राहील. बाबांना आयत्या वेळी सांग, आधीपासून जिवाला घोर नको.

आहे तशी सांभाळून घे.
बेबी

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मागच्या पत्रातलं उत्तर तूर्त बाजूला ठेव.

मास्तरांच्या घरच्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. एकेक करून यायच्या, हसऱ्या चेहऱ्याने कुजबुजायच्या, जायच्या. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं आणि अन्न सोडलं. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणू लागले. मला वाटलं, दुखणं वाढलं. मग त्यांच्या बायकोने मला जिन्यापाशी गाठलं. रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, सिस्टर, आमच्या घरात माणूस गेल्यावरच एवढं हळू बोलतात. त्यांना वाटत असेल, आपण गेलो.

टाचण्या सोडून सगळ्याला परवानगी दिली. कोट आला. धाकटीने कॉलर वाकडी लावली होती, मुद्दाम नाही, तिला येतच नाही. मास्तरांनी डाव्या हाताने कॉलर चाचपली, लालबुंद झाले, आणि इतक्या दिवसांत पहिला शब्द बोलले. उसव, म्हणाले. धाकटी रडायला लागली. आईने तिथेच उसवायला घेतलं, आणि तिच्या हातांवर नजर ठेवून मास्तरांनी वाटीभर सूप संपवलं.

मला इतकी वर्षं वाटायचं, माया म्हणजे आजाऱ्यापासून काळजी लपवणं. या तिघी काहीच लपवत नाहीत. घरात तुमच्यावाचून अडलंय, हे त्याला रोज ऐकवतात. ताई, बाबांभोवती आपण कुजबुजतोय, आणि तो नियम माझा. मला लाज वाटते. त्यांना सांग सगळं, रजेचं, कमरेचं, खोलीचंही. ओरडले तर ओरडू देत. रक्तदाबाची गोळी आहेच.

चुकलं असेल तर कान धर, पण लिहीत राहा.
बेबी

२४ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. सांगितलं. बाबा असे कडाडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. माझ्यामागे माझा निकाल लावणाऱ्या तुम्ही कोण, म्हणाले. मीही सोडलं नाही. साठलेलं सगळं काढलं, तुझ्या वाटचंही. भांडता भांडता ते वॉकर धरून उभे राहिले, आणि ते आम्हा दोघांच्याही उशिराच लक्षात आलं. त्या दिवशी त्यांनी ताट स्वच्छ केलं. मी खुशीत होते.

तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, ती खोली दाखव. गेलो. त्यांनी गादी दाबून पाहिली, खिडक्या उघडून पाहिल्या, मॅनेजरला चांगलं फैलावर घेतलं, आणि येतो म्हणून सांगून टाकलं. बेबी, मी नको म्हणाले. आता मला ते घरात हवे आहेत. ऐकतच नाहीत. तू लिही त्यांना, तुझं ऐकतील.

रडून रडून डोकं चढलंय, बाकी काही लिहवत नाही.
ताई

३० मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. तुझं चार पानी पत्र पोचलं. वकील व्हायचीस, नर्स कशाला झालीस?

अक्षर वाकडं येतंय, लावून घे. तुम्हाला वाटलं, म्हातारा खचला. खचलो नव्हतो. पाणी मागितलं की तुझी ताई कंबर धरून उठायची, म्हणून मागत नव्हतो. दोन घास खाल्ले की संडासला न्यायची वेळ कमी येते, म्हणून दोनच खायचो. भूक मात्र सडकून लागायची. पण कशी आहेस विचारलं की सगळं छान म्हणायची, मग मी काय बोलणार?

आता विचारलंत, म्हणून सांगतो. मला तिथे जायचं आहे. तिथे उचलायला दणकट माणसं आहेत, त्यांना हाक मारायला मला संकोच वाटत नाही. ताई रविवारी येईल. तिला बजावलंय, काम करायला नाही, नुसती बसायला ये. आजपासून मी पोटभर जेवतो आहे.

राग आला असेल तर इथे ये, आणि समोर बसून रागव.
तुझे बाबा