रंजीताचा पेपर, ललिताचा हात

गडचिरोली,
१७ मार्च २०२५

ती. ललिताबाईस,
धाकटी बहीण रंजीता हिचा सा. न. वि. वि.

गावचा टॉवर अजून बंदच दिसतो, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरभाऊंच्या हाती देते आहे. मी सांगते आणि होस्टेलमधली आफ्रीन लिहिते. मधूनच हसते, तिला रागव.

बाई, मला फार भीती वाटते आहे. माझे पेपर लिहून देणारा चैतू मोहफुलं वेचायला गावी गेला, आता येत नाही म्हणतो. मागच्या वर्षी लेखनिक आलाच नाही, आणि मला दिसत नाही, म्हणून कोरा पेपर देऊन उठले होते. या वर्षीही तसंच झालं तर होस्टेलची जागा जाईल आणि बी.ए. तिथेच संपेल. सोमवारपर्यंत नाव द्यायचं आहे. लेखनिक माझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम. आफ्रीन माझ्याच वर्गातली, ती चालत नाही. तू बारावी पास आहेस. तू ये.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ असेल तर तो घेऊनच बसमध्ये बस.

तुझी,
रंजीता

जांभूळटोला,
२० मार्च २०२५

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? बारावीनंतरच्या नऊ वर्षांत ग्रामसभेच्या रजिस्टरवर सही सोडून मी काही लिहिलं नाही. सगळ्या जगाला शिकलेलं माणूस लागतं, तुलाच बरी कमी शिकलेली लागते!

इथे सगळे भेदरले आहेत. डोमाकाकांना मोहाच्या झाडाखालीच वाघाने नेलं. आता आम्ही बाया पाच-सहा मिळून डबे वाजवत जातो. आई म्हणते, पोरीले घरी आण, मले भेव वाटते. वाघाचं भय मलाही आहे, पण त्याहून जास्त तुझ्या पेपरचं. तुझ्या डोक्यातलं माझ्या हाताने बिघडलं तर?

तरी रविवारी येते. आपला भाऊ अंकुश आणि शेजारचे चौघे मला डांबरी सडकेपर्यंत सोडतील.

माया आहेच, ती असू दे. आणि उत्तरं मोठ्याने सांगायची सवय कर.

तुझी,
ललिताबाई

जांभूळटोला,
१२ एप्रिल २०२५

चि. रंजीतास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तोंडाने सांगायला धजले नाही ते लिहिते.

राज्यशास्त्राच्या पेपरात तू सांगितलंस, आपल्या भागात तेंदू-बांबूचा हक्क ग्रामपंचायतीचा. अगं, तो ग्रामसभेचा! चार वर्षं त्या सभेत बसते मी. माझा पेन थांबला. मागेच सुपरवायझर मॅडम उभ्या. एक शब्द बदलला असता तर कदाचित कुणाला कळलं नसतं. कळलं असतं तर तुझी परीक्षाच गेली असती. मी घाबरून, तू म्हणालीस तसंच, चुकीचंच लिहिलं. तू नापास झालीस तर आई तुला परत पाठवणार नाही, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल.

राग आला तरी पत्र टाकणं सोडू नकोस.

तुझी,
ललिताबाई

गडचिरोली,
१६ एप्रिल २०२५

ती. ललिताबाईस सा. न.

तुझा पेन थांबला तेव्हाच मला कळलं, मी चुकले. काय चुकलं तेही आठवलं. ‘बदल’ म्हटलं असतं तर तू आनंदाने बदललं असतंस. पण ते माझं नाही, तुझ्या थांबण्यातून आलेलं उत्तर झालं असतं. म्हणून पुढचं सांगायला लागले.

लहानपणापासून मला कुणी नाव विचारलं तरी आई सांगते. दवाखान्यात माझं दुखतं कुठे, तेही तीच सांगते. त्या वेळी नापास व्हायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की तूही माझ्या जागी बोलशील. तू बोलली नाहीस, बाई.

निकाल जूनमध्ये. आईला एवढंच सांग, नापास झाले तर मीच झालेली असेन, आणि पुन्हा मीच बसेन. लिहायला तेव्हाही तूच ये.

लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
रंजीता