बाबांच्या बाजूचा ब्रेक

२ फेब्रुवारी
"कॅन्सर आहे, पण सध्या काहीच करायचं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्या क्षणी सगळं बदललं. बाबांच्या प्रोस्टेटमध्ये एवढीशी गाठ, सुस्त. ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, लक्ष ठेवायचं; वाढली तर लगेच हालचाल. वा! घरात साप निघाल्यावर कोणी त्याच्यावर लक्ष ठेवत बसतं का? मी टेबलावर हात आपटला. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "कॉलेजही ह्यानं असंच हात आपटून सोडलं." वर हसले!

५ फेब्रुवारी
दुसरा डॉक्टर गाठलाय. काढून टाकू म्हणतो. असा पाहिजे माणूस! तारीखही घेतली. बाबांना राजी करीनच.

९ फेब्रुवारी
बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची सकाळची गाडी आता माझ्याकडे. आणि शिकायला कोण आलं — ती! वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तीच. परत लग्नाचं विचारलं. "थांब जरा," म्हणाली. जो तो थांबच म्हणतो! पण हो म्हणणार. खात्री आहे.

१६ फेब्रुवारी
बाबा बाथरूममध्ये गेले की मी दाराशी उभा. धार नीट लागते का, ऐकतो. आज आतून ओरडले, "अरे गाढवा, तू उभा राहिलास की होतेय तीही थांबते!" आई हसून हसून खालीच बसली.

२० फेब्रुवारी
तिनं भर रस्त्यात गाडी थांबवली. शिकवायच्या गाडीत आमच्या, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो ना — ती ओरडली, "वळण आलं की तूच दाबतोस! मी शिकणार कधी? उद्यापासून काकांना पाठव." दार आपटून उतरलो. पायी घरी!

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पाय ब्रेकवर हवा, दाबलेला नको. आयुष्यभर तेच केलं मी. आताही तेच करतोय. झोपा काढतोय वाटलं तुला?"

मी ताट ओढून जेवायला बसलो. मग आपणहून म्हणाले, "तुला राहवत नसेल तर करू ऑपरेशन. डायपर बांधून शिकवीन. तू तरी झोपशील."

जिंकलो की! मग ताट तसंच का सारलं मी?

२२ फेब्रुवारी
ऑपरेशनची तारीख रद्द केली. रक्त मेमध्ये तपासायचं, बरोबर जाईन.

सकाळी ती स्टिअरिंगवर, बाबा त्यांच्या ब्रेकपाशी, मी मागे. किल्ली फिरवायच्या आधी दोघांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी उतरलो. दार लावलं — हलकेच.