चार मिनिटं दहा सेकंद

ती. भाऊंना,

साष्टांग नमस्कार. (बसूनच घालतो आहे. आडवं पडण्याइतकी सलग जागा बोटीवर एकच आहे आणि तिथे सध्या शीड वाळतंय.)

आज बुधवारी सकाळी साडेदहाला मी तुमच्या धाकट्या बहिणीला चार मिनिटं दहा सेकंदांत पाण्यातून वर काढलं. इथे एक हजेरीमास्तर आहेत, वेळेला त्यांनी दुजोरा दिला आहे. त्यांच्याकडे स्टॉपवॉच आहे आणि मन राखून बोलायची सवय नाही. घाबरू नका, बहीण सुखरूप आहे. पाण्यात होती ती झाकण लावलेली बादली, वर बहिणीची टोपी. बहीण स्वतः माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी होती. तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा गुडघा वाकायला लागला का? आमची तब्येत ठीक आहे. बाकीचं क्रमाने सांगतो, कारण बादलीपर्यंत कसे पोचलो हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी दया येणार नाही, आणि ती यावी अशी फार इच्छा आहे.

आम्ही गेल्या शनिवारी या खाडीत नांगर टाकला. शिडाच्या बोटी घेऊन वर्षानुवर्षं लांब फिरणाऱ्या लोकांचा इथे मेळावा आहे. एकेचाळीस बोटी आहेत. धक्क्यावर पत्र्याची एक मोठी शेड आहे, तिच्यात दिवसभर व्याख्यानं चालतात. विषय म्हणाल तर, तुंबलेला संडास भर समुद्रात कसा मोकळा करावा, फाटलेलं शीड कसं शिवावं, दुखणारी दाढ आपली आपण कशी उपटावी. (हे शेवटचं एका निवृत्त दंतवैद्याने घेतलं. समोरच्या रांगेतले लोक मागे जाऊन बसले.) शेडच्या कोपऱ्यात एक टेबल आहे, त्यावर प्रत्येकाने आपल्याला नको असलेली वस्तू ठेवायची आणि हवी ती न्यायची. मी दोन जुने पंप ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी तिथून एक फार चांगला पंप घेऊन आलो. तो आमचाच होता, हे तुमच्या बहिणीने लांबूनच ओळखलं.

इथली मुख्य पद्धत म्हणजे हजेरी. रोज सकाळी आठला वायरलेसवर हजेरीमास्तर एकेका बोटीचं नाव घेतात आणि आपण किती माणसं, काही अडचण आहे का, ते सांगायचं. (शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, अजून झालेले नाहीत म्हणा.) सगळे वायरलेस दिवसभर एकाच चॅनेलवर चालू असतात. बटण दाबून एक जण बोलतो, बाकीचे चाळीस ऐकतात. बटण दाबलेलं असेपर्यंत बोलणाऱ्याला स्वतःला काहीही ऐकू येत नाही. एवढं तांत्रिक लक्षात ठेवा.

आता अडचण. इथून पुढचा टप्पा तेवीस दिवसांचा आहे आणि मध्ये कुठेही जमीन नाही. याच टप्प्यासाठी तुमच्या बहिणीने अकरा वर्षं बोट घासली, रंगवली, इंजिन तीनदा उतरवलं, हे तुम्ही पाहिलंच आहे. मला मात्र तो टप्पा करायचा नव्हता आणि हे तिला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. सोमवारी दुपारी शेडमध्ये तिचं व्याख्यान होतं, एकटीने इंजिन उतरवण्यावर. पंप दुरुस्त करायचाय असं सांगून मी बोटीवरच थांबलो आणि ती परत आल्यावर काय बोलायचं त्याची तालीम सुरू केली. बसलो होतो त्या गादीखाली वायरलेसचा हातातला भाग होता. बटणावर मी बसलो होतो. माझं वजन तुम्हाला माहीत आहे.

अठरा मिनिटं तालीम चालली. आधी गुडघ्याचं कारण दिलं. (वहिनींचा गुडघा वापरला, क्षमस्व.) मग घरची आठवण. मग ब्याऐंशी किलो कमी झाले तर बोट किती वेगाने जाईल याचा हिशेब मांडला. तो मला स्वतःला पटला. शेवटी कंटाळून खरं काय ते बोललो. की मला बुडायची भीती नाही. भीती याची वाटते की मी पहाऱ्यावर नसताना किंवा असतानाही ही पाण्यात पडली, तर बोट वळवून तिच्यापर्यंत कशी न्यायची ते मला येत नाही, आणि मग उरलेले दिवस मी एकटाच त्या बोटीवर असेन.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी बोट वल्ह्याने बडवायला लागलं. दंतवैद्य रबरी होडीतून आले होते. म्हणाले, बटणावरून उठा, शेडमधला वायरलेसही चालू आहे.

तुमची बहीण अर्ध्या तासाने आली. बोटीवर ती कप्तान असल्यामुळे मला अरे-तुरे करते; त्या दिवशी 'अहो' म्हणाली, तेव्हाच मी सावरून बसलो.

"अहो, हे मला आधी सांगितलं असतंत, तर एकेचाळीस बोटींना सांगावं लागलं नसतं."

मी वायरलेसचा तो भाग गादीखालून काढून खुंटीला लावला.

"मी पडले तर काय कराल?"

"ओरडेन."

"कोणाला?"

मग ती म्हणाली, "चला, बादली काढा."

तेव्हापासून तीन दिवस रोज सकाळ-दुपार ती बादली समुद्रात फेकते आणि मी बोट वळवून, वाऱ्याकडे तोंड करून, थांबवून, लांब काठीच्या आकड्याने ती उचलतो, म्हणजे उचलायची असते. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली. खाडीतले सगळे लोक डेकवर खुर्च्या टाकून बसले होते. हजेरीमास्तरांनी वायरलेसवर निकाल दिला, "बाई गेल्या. त्यानंतर बोट त्यांच्या अंगावरून गेली." दंतवैद्यांनी आमचीच बोट घेऊन एकदाच प्रयत्न केला आणि दोन मिनिटांत बादली आणून दिली. टोपी ओलीसुद्धा झाली नव्हती. माझ्या जागी ते यायला तयार आहेत, तसं त्यांनी फार सभ्यपणे सुचवलं. माणूस चांगला आहे. मला तो अजिबात आवडत नाही.

लाटांमध्ये तीन मिनिटांनी माणसाचं डोकं दिसेनासं होतं, असं हजेरीमास्तर म्हणतात. म्हणून मीच तिला सांगितलं, तीनच्या आत आणलं तर येतो, नाही तर दंतवैद्यांना घेऊन जा. तिने बादलीवरची टोपी पिळली. मग म्हणाली, "मला दंतवैद्य नकोय," आणि बादलीचं झाकण घट्ट करायला लागली.

पुढच्या टप्प्याला कोणत्या बोटीवर कोण जाणार, त्या नावांची यादी उद्या दुपारी बारापर्यंत हजेरीमास्तरांकडे द्यायची आहे. चार मिनिटं दहा सेकंदांचे तीन होतील असं मला वाटत नाही. तेव्हा आमच्या घराचे भाडेकरू जाईपर्यंत, म्हणजे दोनेक महिने, तुमची वरची खोली मोकळी ठेवा. शनिवारी रात्रीपर्यंत पोचेन. वहिनींना म्हणावं, जेवणाचं वेगळं काही करू नका.

तुमचा,
मेहुणा

ता. क. १ : खोली मोकळी करू नका. दुपारी दोन मिनिटं पन्नास सेकंद. दुजोरा हजेरीमास्तरांचा आणि (नाइलाजाने) दंतवैद्यांचा. त्यांनी हात मिळवला, मीही मिळवला. तुमची बहीण तोंड फिरवून दोर गुंडाळत बसली होती. तो आधीच गुंडाळलेला होता.

ता. क. २ : ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. कमरेला पट्टा बांधून त्याची दोरी बोटीला अडकवली, तर माणूस पडूनही बोटीपासून लांब जात नाही. पट्टा आहे. तुमची बहीण तो घालत नाही, काम करताना अडकतो म्हणते. माझं ऐकत नाही, मास्तरांचं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तिला एक ओळ लिहा. मी सांगितलं म्हणून लिहू नका, सहज सुचल्यासारखं लिहा.

ता. क. ३ : धक्क्याच्या कार्यालयातली बाई या पत्राचा फोटो काढून पाठवणार आहे, आलेलं उत्तर ती छापून देते. कार्यालय उद्या संध्याकाळी पाचला बंद होतं. परवा शुक्रवारी सकाळी सहाला एकोणतीस बोटी निघतील, त्यात आमची सतरावी. त्याआधी तुमची ओळ तुमच्या बहिणीच्या हातात पडेल, असं धरून चाललो आहे.