मुराळी विमानानं गेली

आई, गेल्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, आणि तेही मुराळी म्हणून, लेकीला माहेरी आणायला. तुझी नात बंगळूरला असते. तिला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे केजला माझ्याकडे करायचं, हे तिनंच ठरवलं. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं, त्यामुळे विमान म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणाले. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तपासून चिठ्ठी दिली. प्रवासाला हरकत नाही; पट्टा पोटाच्या खालून बांधा, पाणी पीत राहा, अधूनमधून उठून पाय मोकळे करा. मी फोनवर म्हणाले, "एकटीनं यायचं नाही. मी न्यायला येते." ती हसली. "आई, विमानाच्या प्रवासाला कुणी मुराळी पाठवतं का?" "आपल्यात पाठवतात," म्हणाले आणि फोन ठेवला.

मुराळी होणं हे खरं भावाचं काम; पण मला भाऊ नव्हता, तिलाही नाही. म्हणून माझ्या वेळी उमापूरला, माझ्या सासरी, मुराळी होऊन तूच आली होतीस. एसटीत चढल्या चढल्या तू कंडक्टरला अडवतेस. "साहेब, पोरगी दोन जिवांची हाय. मागं लई आदळतंय, तिला पुढं बसवा." मी नुकती बी.ए. झालेली, शरमेनं अर्धी होते. "आई, हळू बोल, लोक बघतात." "बघू दे की. ते काय झाडाला लागले व्हते?" सगळी गाडी हसते. मग केज येईपर्यंत तू माझ्यासमोरच्या लोखंडी दांड्याला हात आडवा लावून बसतेस. ब्रेक लागला की मी तुझ्या हातावर आपटते, दांड्यावर नाही. उतरताना मी तुझ्याशी बोललेही नाही.

बंगळूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "इनके साथ कौन है?" मी ठणकावून सांगितलं, "मुराळी." तिनं मान खाली घालून कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "मुरली सर का टिकट नहीं दिख रहा. सर किधर हैं?" तिकडे मुरली हे पुरुषाचं नाव. पोरगी पोट धरून हसत सुटली. "हेच आमचे मुरली सर," म्हणत तिनं मला पुढे केलं.

पुणं जवळ आलं तसं विमान ढगांत शिरलं आणि खडी टाकलेल्या रस्त्यावरून जीप जावी तसं हादरायला लागलं. थोडा वेळच, पण पोरीनं पोटावर हात ठेवला. उतरून गाडीत बसलो तरी हात तिथेच. बरंच पुढे आल्यावर म्हणाली, "आई, मघापासून बाळ हाललं नाहीये." मी ड्रायव्हरला सांगून एका रसवंतीसमोर गाडी थांबवली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काहीतरी गोड, थंड द्या, डाव्या कुशीवर झोपवा, लक्ष ठेवा; हालचाल जाणवली नाही तर थांबू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा. तिला उसाचा रस पाजला, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी केली. "काही होत नाही," मी म्हणत राहिले. शाळेत शिकवायची तेव्हा याच आवाजात मी वर्गातल्या पोरांना गप्प बसवायची. बाहेर चरकाची घुंगरं वाजत होती.

मग तिनं माझा हात ओढून पोटावर दाबला. "लागली? ही बघ, परत."

लागली. चांगली दणकट लाथ होती. "हं," मी म्हणाले. "आता नीट पडून राहा. काय हो ड्रायव्हर, गाडी सावकाश घ्या." ती आता सगळ्यांना सांगते, आमची आई म्हणजे दगड, डोळ्यात टिपूस नाही.

आई, ती माझ्या मांडीवर पडली होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तिला खालून माझी हनुवटी तेवढी दिसत होती.