हाजींच्या पथकाचा खरा इतिहास

सनद, बहरीन
१४ नोव्हेंबर १९७५

ती. उल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हेमा आणि मी दोघंही खुशाल आहोत. इकडची नवी बातमी म्हणजे तुझा भाऊ आता अग्निशमन पथकाचा सेक्रेटरी झाला आहे. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एक झावळ्यांचं स्वैपाकघर पेटलं. सरकारी बंब झटपट आला, पण आमची गल्ली बंबापेक्षा अरुंद. शेवटी बंबवाल्यांनी आणि आम्ही शेजारी शेजारी उभे राहून ते जळताना पाहिलं. जीवितहानी नाही. दुसऱ्याच दिवशी आमचे घरमालक हाजी मन्सूर यांनी सभा घेऊन गावाचं स्वतःचं पथक काढलं. चौदा स्वयंसेवक आहेत, हाजी अध्यक्ष. शेजारच्या खोलीतला पांडुरंग, म्हणजे जिदहफ्सला दुकान असलेला चिपळूणचा शिंपी, त्याच्याकडे शिट्टी दिली आहे. माझ्या ऑफिसात टाइपरायटर आहे म्हणून मी सेक्रेटरी. मी इंग्रजीत लिहितो, हाजींचा पुतण्या ते अरबीत वाचतो आणि पांडुरंगाला मराठीत समजावावं लागतं. त्यामुळे आमचा प्रत्येक ठराव तीनदा मंजूर होतो.

हेमाने विचारलं की आग तर स्वैपाकघरात लागते, मग पथकात बायका कशा नाहीत. मी हा प्रश्न हाजींच्या कानावर घातला. ते हसले, म्हणून मीही हसलो.

तुझ्या थट्टेला सदैव पात्र,
शैलेंद्र


मिरज
९ डिसेंबर १९७५

चि. शैलेंद्र यास,
अ. उ. आ.

चौदा माणसं, एक शिट्टी आणि तीन भाषा हे वाचून धन्य झाले. आगीला आता तुमच्याकडे यायचं तर दुभाषा घेऊनच यावं लागेल. लहानपणी कंदिलाची वात वर करायला तू मला हाक मारायचास, हे हाजीसाहेबांना सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगणार नाही, मात्र दर महिन्याला पत्र आलं पाहिजे.

शाळेत सहामाहीचे पेपर तपासणं चालू आहे. इतिहासात मुलींनी यंदा दोन लढायांची अदलाबदल करून टाकली, पण सन बरोबर लिहिले.

हेमाचा प्रश्न मला बरोबर वाटला. तिला आशीर्वाद, तुलाही थोडे.

तुझी उल्काताई


सनद
३ मार्च १९८१

ती. उल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

पथकाला पंप मिळाला! लाल रंगाचा, दोन चाकांचा, चौघांनी ओढायचा. पांडुरंगाने सगळ्यांना खाकी गणवेश शिवले आणि अध्यक्षांच्या खांद्यावर सोनेरी गोंडे लावले. ते पाहून उपाध्यक्षांनीही गोंडे मागितले. त्यावरून दोघांनी महिनाभर अबोला धरला होता.

पाच वर्षांत गावात एकही आग लागलेली नाही. हाजींच्या मते हे पथकाचंच यश आहे, आग आम्हाला घाबरते. पंप गंजू नये म्हणून त्याने हाजींच्या खजुरांना पाणी देतो. कवायत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी.

हेमाची दुपार समोरच्या खदिजाकडे जाते. माझ्या दुप्पट अरबी बोलते आता. खदिजाच्या भिंतीला लागूनच हाजींच्या आईची, बिल्किसबाईंची खोली आहे. त्यांचे गुडघे गेलेत, पलंगावरूनच गाव चालवतात. हेमाचं त्यांच्याशी चांगलं जमतं.

पत्र लांबलं, राग नसावा.
शैलेंद्र


सनद
२ मार्च १९८४

ती. उल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. गेल्या शुक्रवारी सलमाबादला एका वर्कशॉपच्या आवारात गावोगावच्या पथकांची स्पर्धा झाली. डांबराची पिंपं पेटवून दिली होती. आमच्या पथकाने सर्वांत कमी वेळात पिंप विझवून ढाल जिंकली. हाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी गावातही एक किरकोळ आग लागली होती, ती आटोक्यात आली. हेमाचा हात थोडा भाजला आहे, काळजीचं कारण नाही. पथकाचं सगळीकडे कौतुक होत आहे.

आपला,
शैलेंद्र


मिरज
१९ मार्च १९८४

चि. शैलेंद्र यास,
अ. उ. आ.

ढालीबद्दल अभिनंदन. मात्र आजवर तुझ्या प्रत्येक पत्रासोबत हेमाची वेगळी चिठ्ठी असायची, या वेळी नाही. शिवाय तू 'आपला' अशी सही केलीस. सख्ख्या बहिणीला 'आपला' लिहिणारा माणूस काहीतरी लपवत असतो. पूर्ण पथक सलमाबादला असताना गावातली आग आटोक्यात कुणी आणली?

उत्तर हेमाकडून हवं आहे.

उल्काताई


सनद
६ एप्रिल १९८४

ती. उल्कावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगते आहे आणि शेजारचे पांडुरंग लिहीत आहेत, कारण मला पेन धरता येत नाही. (कंसातला मजकूर लिहिणाराचा आहे. ताई, माझा नमस्कार घ्यावा.)

त्या शुक्रवारी सकाळी सगळे पुरुष पंप घेऊन गेले. वारा जोराचा होता. खदिजा मासे तळत होती, तिच्या गॅसची नळी पेटली आणि वरच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. मी धावले तोवर खदिजाने सिलिंडर बंद केला होता. ती ओरडली, यल्ला यल्ला, चला चला, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. कुणी धुण्याचं पाणी आणलं, कुणी सतरंज्या भिजवल्या. खदिजाची सून मसूदा, सातवा महिना लागलेला, तरी कपडे वाळत घालायच्या बांबूने तिने छप्पर खाली ओढलं आणि आम्ही त्यावर वाळू टाकली. (आमच्या कवायतीत वाळूचा विषय कधीच निघाला नाही.)

तेवढ्यात बिल्किसबाईंच्या खिडकीचा पडदा पेटला. मी ओलं कांबळं घेऊन आत गेले. बाई म्हणाल्या, डोक्यावर काही घेतल्याशिवाय बाहेर येणार नाही, पुरुष बघतील. मी सांगितलं, आज गावात पुरुष मफी, एकही नाही, सगळे आग विझवायला गेलेत. मग त्या तयार झाल्या. त्यांना गादीसकट ओढत आणलं. दारात चौकटीचं जळतं लाकूड त्यांच्या अंगावर येत होतं, ते मी हाताने धरलं.

दुपारी मंडळी ढाल घेऊन गात गात परतली. हाजींनी पहिला प्रश्न विचारला, गल्लीत एवढं पाणी कुणी सांडलं? (हे खरं आहे. गाण्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता, त्याची लाज वाटते.)

ह्यांनी माझा हात पाहिला आणि रडले. तीन दिवस ऑफिसला गेले नाहीत, मला घास भरवले. माणूस वाईट नाही, वन्सं. पण पथकाच्या रजिस्टरात त्यांनी लिहिलं की पथकाच्या शिस्तीमुळे आग आटोक्यात आली. मी विचारलं तर म्हणाले, हाजी घरमालक आहेत, आई आगीत असताना आपण गावात नव्हतो हे त्यांना कागदावर कसं दाखवू. माझी उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत.

तुमची,
हेमा
(सही तिने डाव्या हाताने केली आहे.)


मिरज
२३ एप्रिल १९८४

चि. शैलेंद्र यास,
आशीर्वाद.

हेमाला पहिल्या विमानाने इकडे पाठव. इथल्या सर्जनशी बोलले आहे, बोटांवर शस्त्रक्रिया करू म्हणतात. लीव्ह मिळाली तर तूही ये, न मिळाली तर मी मुंबईला उतरवून घेते.

तुझ्या रजिस्टराबद्दल एवढंच लिहिते. मी सव्वीस वर्षं मुलींना इतिहास शिकवते आणि पुस्तकात छापलं आहे म्हणून ते खरं, असं त्यांना सांगते. लिहिणारा कोण होता हे मला कधी ठाऊक नसायचं. आता एक लिहिणारा ओळखीचा निघाला.

उल्का


सनद
२४ नोव्हेंबर १९८५

ती. उल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

हेमाचं एक बोट आता पुरतं मिटतं, दुसरं अर्धं. सर्जनसाहेबांना सांग.

पथकाला दहा वर्षं झाली. हाजींनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. चार पानं लिहिली, आग रजिस्टरात होती तशीच घातली, सुबक उतरली. हेमाला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, भाषा छान आहे म्हणाली आणि डाव्या हाताने कांदा चिरू लागली. ती भांडली असती तर मी ती पानं छापायला दिली असती, ताई.

दुसऱ्या दिवशी दीड पान लिहिलं आणि गुरुवारच्या सभेत वाचलं. पुतण्या अरबी करत होता. बायकांचा उल्लेख आला तसा तो थांबला आणि पुढचं तसंच आहे म्हणाला. मग मीच माझ्या बाजारी अरबीत सांगितलं. आग. पुरुष मफी. बायका सगळ्या. खदिजा, मसूदा, हेमा, अशी नावं घेतली. रजिस्टरात मी खोटं लिहिलं, हेही सांगितलं. पांडुरंग उभा राहून हिंदीत म्हणाला की सेक्रेटरींनी लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाजी उठले आणि निघून गेले.

घरी येऊन हेमाला सांगितलं, आता सलमाबादकडे खोली शोधावी लागेल. ती म्हणाली, शोधू. आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्याशेजारी येऊन बसली.

काल दुपारी दार वाजलं. हाजी होते. मागे पुतण्याने आणि आणखी एकाने खुर्चीत उचलून बिल्किसबाईंना आणलं होतं. हाजी म्हणाले, आई पावणेदोन वर्षं सांगत होती की हिंदी मुलीने मला बाहेर काढलं. धुराने तिचं डोकं फिरलं असं मला वाटायचं, खलास, संपलं, चूक माझी. बिल्किसबाई हेमाला म्हणाल्या, तू गादी अशी ओढलीस की माझी कंबर अजून दुखते. मग तिचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सोडलाच नाही.

पुतण्याने रातोरात माझं सगळं पान अरबीत उतरवलं होतं, एकही वाक्य न गाळता. बाईंनी मुलाला ते वाचायला सांगितलं. आमच्या एकुलत्या एक खुर्चीत हाजी चष्मा लावून बसले. सलमाबाद, पिंप, ढाल इथपर्यंत आवाज खणखणीत होता. गावात त्या दिवशी पथकाचा एकही माणूस नव्हता, या वाक्याशी आवाज खाली गेला.

आई म्हणाली, मोठ्याने वाच, मला ऐकू येत नाही.

त्यांना उत्तम ऐकू येतं, ताई, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हाजींनी ते वाक्य पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने.

तुझ्या धाकात सुखी,
शैलेंद्र