डाव्या हाताची वीण

३ जानेवारी, शनिवार

मी नाही म्हणाले! चक्क तोंडावर! आणि तेही वर्गाच्या पहिल्याच दिवशी.

टोपल्या विणायचा वर्ग. वाचनालयाच्या मागची लांबट खोली, मधे मोठं टेबल, कोपऱ्यात टबात भिजत घातलेला वेत. शिकवणाऱ्या बाई उंच, चष्मा कपाळावर. सांगितलं, ‘वेत उजव्या हातात. डावीकडून उजवीकडे जायचं.’ सगळ्यांनी धरला. माझ्या डाव्या हाताने मला न विचारताच उचलला.

‘उजवा, ताई.’

‘नाही. डावाच.’

मला वाटलं आता कान लाल होतील, पण नाही झाले. दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात उजव्या हाताने खिळे मोजून देते, उजव्या हाताने जेवते, ही ओळसुद्धा उजव्याच हाताने लिहितेय. शनिवारचे दोन तास तरी माझा हात माझा!

५ जानेवारी, सोमवार

आईला कळलं. ‘चोपन्नाव्या वर्षी हे काय खूळ?’ मग कुणी विचारलं नसताना, ‘आणि डाव्या हाताने काही करत नाहीस ना तिथे?’

करते, म्हटलं. तिच्या कपाळाला आठ्या. जेवताना एक शब्द नाही. बरंच झालं, भात निवांत खाल्ला.

१० जानेवारी, शनिवार

बाईंचं मन राखायला एकदा उजव्याने विणून पाहिलं. टोपली अशी कलली की कुणीतरी तिच्यावर बसून गेलंय. ‘छान, जमेल हळूहळू,’ म्हणाल्या बाई. छान!! मी ती पूर्ण उसवली आणि डाव्याने सुरू केली. डाव्याने म्हणजे दिशाही उलटी, मी उजवीकडून डावीकडे जाते. वीण घट्ट, टोपली सरळ. बाई आल्या, पाहिलं. ‘उसवा. वर्गात एकच पद्धत चालते.’

नाही उसवली.

शेजारी एक निवृत्त पहारेकरी बसतात. चालताना बूट आपटतात म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणतात. हळूच म्हणाले, ‘ताई, तुम्ही तर बंडच पुकारलंत.’ त्यांच्या स्वतःच्या टोपलीला अजून तळच नव्हता.

११ जानेवारी, रविवार

बोटं सोललीत. मस्त वाटतंय.

१७ जानेवारी, शनिवार

वाचनालयाच्या दालनात ठेवायला एक मोठी टोपली हवी आहे. कंबरेएवढी. सगळ्या वर्गाने मिळून विणायची, दोघादोघांनी समोरासमोर बसून. पुढचे दोन शनिवार खोलीत तीच एक मोठी गोष्ट होणार. मला इतकं आवडलं की मी हातच वर केला. डावा. बाईंनी चष्मा खाली घेतला. ‘तुम्ही उजव्याने विणणार असाल तर बसा. नाहीतर वेत भिजवून द्यायचं काम करा.’

वेत भिजवायचा! मी काय पाणक्या आहे?

म्हटलं, ‘शनिवारी येईन आणि विणायलाच येईन.’ घरी येताना एकदा वाटलं, भिजवावा वेत, काय बिघडतं. पण आता माघार घेतली तर पुन्हा कधीच हा हात वर करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माघार नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आईशी वाजलं. जोरात.

ती म्हणाली, ‘बाई सांगतात ते ऐकावं. किती हट्ट!’ मग माझाही तोल गेला. सगळं काढलं बाहेर. सहा वर्षांची होते. जेवताना, अभ्यास करताना फडक्याने डावा हात टेबलाच्या पायाला बांधायची ती. बाहेर पोरं खेळायची आणि मी एका हाताने एकेक अक्षर गिरवायची. रडले तर गाठ आणखी घट्ट.

‘तूच बांधलास ना? आठवतंय ना?’

‘आठवतंय. म्हणून तर तुझं अक्षर असं सुंदर आहे.’

असं म्हणून डाळ निवडायला लागली! माफी तर सोडाच, साधी मान खाली नाही घातली. मी दार आपटून गच्चीवर गेले. ऐंशी पार केलेल्या बाईवर इतकं चिडावं का? हो, चिडावं. मी चिडले आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

गेले. वेताचा टब कुठे आहे ते बघितलंसुद्धा नाही. सरळ जाऊन हवालदारांच्या समोर बसले. बाई वर्गातल्या एका दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या टोपलीचा तळ दुरुस्त करण्यात गुंतल्या होत्या. आम्ही मोठी टोपली सुरू केली. ते त्यांच्या उजवीकडे निघाले, मी माझ्या डावीकडे. बोटं एकमेकांत अडकली!

‘ताई, समोरून गाडी आली की.’

‘मग तुम्ही बाजूला व्हा.’

‘मी का? माझी बाजू बरोबर आहे.’

शेवटी त्यांनाच सुचलं. एक फेरी त्यांनी मारायची, ते थांबले की पुढची मी माझ्या दिशेने. त्यांच्या फेरीचे टाके एका बाजूला झुकलेले, माझ्या फेरीचे दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकावर एक बसल्या आणि बाणांची रांगच उमटली टोपलीभर! आम्ही बघतच राहिलो. असं काही होईल हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

बाई आल्या. ‘उसवा हे.’

‘नाही उसवणार,’ मी.

‘मीही नाही,’ हवालदार. ‘पुन्हा वाकून बसायचं म्हणजे माझ्या कंबरेची वाट.’

सगळे कामं सोडून टेबलाभोवती जमले. बाईंनी नखाने माझी फेरी उचकटायचा प्रयत्न केला. हलेना. हवालदारांची फेरी जरा हलली. मग चष्मा कपाळावर सरकवला. ‘आता वरपर्यंत असंच करा. अर्धवट नक्षी वाईट दिसते.’

एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण मी बसले आहे, टेबलाशी बसले आहे आणि डाव्या हाताने विणते आहे!! रस्त्याने शीळ घालत आले. लोक वळून बघत होते. बघेनात का!

३१ जानेवारी, शनिवार

मोठी टोपली संपली. माझी स्वतःची छोटीही पूर्ण झाली. घरी आणून मुद्दाम आईच्या ताटाशेजारी ठेवली. अगदी तिला दिसेल अशी.

‘वीण उलटी आहे,’ ती म्हणाली.

‘हो. उलटीच आहे.’

‘काठ सैल आहे.’

तोंडाचा पट्टा काही थांबत नाही. ठेवली तशीच, उचलली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

भाजी घेऊन आले तर आई टेबलाशी. माझा उरलेला वेत तिने पातेल्यात भिजत घातला होता आणि माझ्या टोपलीचा काठ सोडून नव्याने गुंडाळत होती. भराभर. डाव्या हाताने.

पिशवी हातात घेऊन दारातच उभी राहिले. स्वयंपाक करताना ती दार लावून घ्यायची, आम्हा कुणाला आत येऊ द्यायची नाही — का, ते आत्ता कळलं.

वर न बघताच म्हणाली, ‘तुझा मी नुसता बांधला गं. लहानपणी माझ्या या हातावर पळी तापवून ठेवली होती. तुझ्यावर कुणी तशी ठेवायच्या आत सवय मोडायची होती मला.’

तळहात पुढे केला. मधोमध पांढरा, गुळगुळीत डाग.

एवढी वर्षं हिच्यावर दात धरून होते मी. आता कुणावर धरू?